पत्रिका जुळत नाही

सुलक्षणाताई मोघ्यांच्या जुन्या लॅपटॉपने एका सरळमार्गी मुलाची उंची पाच फूट पंचावन्न इंच करून टाकली आणि त्या लॅपटॉपचे दिवस भरले. मुलीच्या वडिलांचा फोन आला, "ताई, स्थळ आहे की मोबाईलचा टॉवर?" ताई हसल्या खऱ्या, पण मनातून चिडल्या. गेले सात-आठ महिने हेच चाललं होतं. एक अक्षर दाबलं की दोनदा उमटायचं, मध्येच शेजारचं बटण दाबलं जायचं. बारा वर्षं वापरलेलं यंत्र, ते थकलं असंच कुणीही म्हणालं असतं. ताईही तसंच म्हणाल्या.

सांगलीला विश्रामबागेत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, बावीस वर्षं त्यांचं 'अक्षता वधू-वर सूचक केंद्र' चाललं होतं. सगळं जग आता यंत्रांशी बोलून कामं करून घेत होतं. ताई मात्र टाइपच करायच्या. स्थळांच्या गोष्टी मोठ्याने बोलायच्या नसतात, हा त्यांचा दंडक. कुणाची मुलगी सासरहून परत आली, कुणाच्या घरात कोड आहे, हे एकदा तोंडातून निघालं की भिंतीपलीकडे जायला वेळ लागत नाही.

दुसरा दंडक नकाराचा. नकाराचं खरं कारण कधीही कळवायचं नाही. मुलगी सावळी वाटली, मुलाचे केस गेले, होणारी सासू तोंडाळ दिसली, कारण काहीही असो, कळवायचं एवढंच की पत्रिका जुळत नाही. ग्रहांवर ढकललं की माणूस दुखावत नाही. ऐकणाराही मुकाट्याने 'बरं' म्हणतो, कोणता ग्रह आडवा आला ते विचारत नाही, कारण त्यानेही कुणाला तरी हेच कळवलेलं असतं. ताईंनी हे वाक्य लॅपटॉपच्या एफ-नऊ बटणावर बसवून घेतलं होतं. ते दाबलं की समोरच्या घरी नम्र निरोप जायचा आणि ते स्थळ यादीत मागे सरकायचं.

जुना लॅपटॉप पिशवीत घालून त्या कॉलेज कॉर्नरला रफीक मुजावरच्या दुकानात गेल्या. रफीक जुनी यंत्रं नीट करून विकायचा. ताईंनी त्याच्या धाकट्या भावाचं लग्न जमवून दिलं होतं, त्यामुळे तो त्यांना फसवणार नाही याची खात्री होती.

"नवा घेऊ नका ताई," तो म्हणाला. "नव्यात बटणंच नसतात हल्ली, नुसती काच. त्यापेक्षा ह्यो बघा. एका विमा कंपनीनं अख्खा विभाग बंद केला, चार हजार नग एकदम बाहेर पडले. सहा वर्षं वापरलाय, पर बॅटरी नवी टाकलीय. आणि आत सवय-चिप हाय."

"आधीच्याचं सगळं पुसलंय ना? दुसऱ्याचं काही नको बाई आत."

"फायली समद्या पुसल्या. चिप तेवढी पुसता येत न्हाई. पर तिच्यात फायली कुठं असत्यात वो? नुसती सवय असती."

सवय-चिपची गंमत अशी होती. जुन्या संगणकात आठवण एका जागी साठवलेली असे आणि हिशेब दुसऱ्या जागी चाले. या चिपमध्ये दोन्ही एकाच जागी होतं. तिच्यात अब्जावधी बारीक सांधे असत. ज्या सांध्यातून वीज वारंवार जाई तो दरवेळी थोडा मोकळा होई, ज्यातून जात नसे तो आवळत जाई. माळावरून माणसं रोज एकाच बाजूने गेली की पायवाट पडते, तसंच हे. मालक काय बघतो, कुठे थबकतो, कशाला हो म्हणतो नि कशाला नाही, हे ती कॅमेऱ्यातून आणि बटणांच्या ठेक्यावरून शिकायची आणि काही महिन्यांनी त्याच्या मनातलं काम आधीच करून ठेवायची. फाइल पुसता येते. पायवाट पुसायची तर माळच नांगरायला हवा, म्हणजे चिपच मोडायला हवी. ती मोडली की लॅपटॉपचा उपयोग पाटावरवंट्याइतकाही उरत नाही.

ताईंनी एफ-नऊवरचं वाक्य यातही बसवून घेतलं, जुना लॅपटॉप रफीककडेच टाकला आणि हा घेऊन घरी आल्या.

पहिल्याच आठवड्यात त्या खूष झाल्या. अक्षर दोनदा उमटेना, शेजारचं बटण चुकून लागेना. ताईंचं बोट कुठे पडणार होतं याचा अंदाज घेऊन चिप चुकलेलं अक्षर आपणच दुरुस्त करून घ्यायची.

"बघ, माझी काही चूक नव्हती," त्यांनी लेकीला ऐकवलं. "यंत्रच म्हातारं झालं होतं."

"कळलं गं," ऋजुता म्हणाली. "आता तो चहाचा कप जरा आत सरकव, परवासारखा सांडशील."

ऋजुता त्यांची एकुलती एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. द्राक्ष संशोधन केंद्रात वेलींच्या रोगांवर काम करायची. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आतापर्यंत तिने चौदा मुलं नाकारली होती आणि आईचा एफ-नऊ स्वतःच्या हाताने चौदा वेळा दाबला होता.

दर गुरुवारी दुपारी आसपासच्या जिल्ह्यांतल्या वधू-वर केंद्रांच्या बायका पडद्यावर भेटायच्या आणि स्थळांची देवाणघेवाण करायच्या. तिथे ताईंनी लॅपटॉपचं इतकं कौतुक केलं की साताऱ्याच्या प्रमिलाताई शेंड्यांनी लगेच तसलाच मागवला. त्यांचं बघून कऱ्हाड, विटा, कोल्हापूर असं करत अकरा जणींनी घेतला, आणि ताईंसारखंच एफ-नऊवर ते वाक्यही बसवून घेतलं. रफीकने ताईंना पेढ्यांचा पुडा पाठवला.

दोन महिने झाले तेव्हा एफ-नऊ पहिल्यांदा आपोआप उजळलं. विट्याचा एक मुलगा पडद्यावर ओळख करून देत होता. चांगला नोकरदार, हसतमुख, बॅडमिंटन खेळणारा. पलूसच्या एका मुलीशी त्याचं जवळजवळ ठरत आलं होतं. तो बोलत असताना त्या बटणाखालचा पिवळा दिवा लागला. म्हणजे चिप सुचवत होती, इथे तुम्ही हे दाबाल. ताईंनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी त्याची माहिती उघडली तर पुन्हा दिवा. तिसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांना वाटलं, पत्रिका खरंच जुळत नसेल. बावीस वर्षं लोकांना सांगितलेली थाप शेवटी त्यांना स्वतःलाच पटली. त्यांनी बटण दाबलं. दोन्ही घरांनी मुकाट्याने 'बरं' म्हटलं.

चार महिन्यांनी तो मुलगा बॅडमिंटन खेळता खेळता कोसळला आणि गेला. हृदयाचा काही जन्मजात दोष होता, त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हता. पलूसच्या मुलीची आई ताईंच्या पाया पडायला आली. "ताई, तुमच्या पत्रिकेनं माझी पोर वाचवली हो!" ताईंनी तिला उठवून खुर्चीवर बसवलं. त्यांनी तिला चहा दिला. पुढे मिरजेच्या एका मुलीची मूत्रपिंडं निकामी निघाली. तिच्या नावावरही दिवा लागला होता. मोघेताईंची पत्रिका चुकत नाही अशी ख्याती झाली आणि लांबलांबून माणसं येऊ लागली.

ताई ज्योतिषाच्या वाटेला कधी गेल्या नव्हत्या. त्या रफीककडे गेल्या.

रफीकने ज्याच्याकडून माल घेतला होता त्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"ताई, तो विभाग आयुर्विम्याचे अर्ज तपासायचा. माणूस पडद्यावर येऊन बोलायचा आणि साहेब ठरवायचा, विमा द्यायचा का न्हाई. चिप बघायची. काळजाच्या दर ठोक्याला तोंडाचा रंग इवलासा बदलतो म्हणं, आपल्याला दिसत न्हाई, कॅमेऱ्याला दिसतो. दोन शब्दांत दम किती घेतो, बोटं कशी पडत्यात, घरात कोण कशानं गेलं, समदं बघायची. आणि पुढं खरंच कोण गेलं, कोण आजारी पडलं, ते बी तिला कळवत होते. सहा वर्षांत लाखभर माणसं बघितली तिनं. मग सरकारनं बंदी आणली, विभाग बंद झाला."

"आणि यंत्रं बाजारात आली."

"फायली पुसून आली वो." त्याने खाली बघितलं. "मला ठावं नव्हतं, आईशपथ. ठेवा हितं, दुसरा देतो."

ताईंनी पिशवी काउंटरवरून उचलली आणि छातीशी धरली. चांगलं काय, वाईट काय, हे कळण्याइतक्या त्या शहाण्या होत्या. ज्यांच्यापुढे दिवा लागला त्या प्रत्येकाला बोलावून 'बाबा रे, डॉक्टरला दाखव' असं सांगता आलं असतं. पण सांगणार कशाच्या आधारावर? आणि एकदा सांगितलं की ती पोरं कायमची बिनलग्नाची राहणार, केंद्र बुडणार, ते वेगळंच. त्यापेक्षा दुसऱ्या बाजूची मुलगी वाचते, हे काय थोडं आहे? अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायलाही लागलं होतं. कुणाच्या नशिबात काय आहे ते आपल्याला आधी कळतं, ही गोष्ट सोडवत नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मला सवय झालीय याची."

त्यानंतर वर्षभरात त्यांनी ते बटण समजून उमजून एकोणीस वेळा दाबलं. एकालाही खरं कारण सांगितलं नाही.

मग बर्व्यांचं स्थळ आलं. निहार बर्वे, साताऱ्याचा, धरणांच्या भिंतींवर काम करणारा इंजिनीअर. प्रमिलाताईंनीच सुचवलं. पत्रिकेतले सव्वीस गुण त्यांनी स्वतः मोजून जुळवले होते. ऋजुता त्याला तीनदा भेटली आणि तिसऱ्या भेटीनंतर घरात गुणगुणत फिरायला लागली. चौदा मुलांना नाही म्हणणारी ही पोरगी आरशासमोर उभी राहून विचारत होती, "आई, मला अबोली रंग बरा दिसतो का गं?" ताईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत लोकांच्या लेकींची लग्नं लावली, आता आपल्या लेकीचं.

रीत म्हणून त्यांनी ऋजुताची माहिती लॅपटॉपमध्ये भरली. शेवटची ओळ लिहून झाली आणि एफ-नऊखालचा पिवळा दिवा लागला.

ताई कितीतरी वेळ त्या दिव्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अंगठ्याने तो झाकला, जणू झाकल्याने विझणार होता.

लग्नाआधी हल्ली सगळेच करतात असं सांगून त्यांनी ऋजुताला मिरजेच्या एका इस्पितळात नेलं. हृदय, मूत्रपिंड, रक्त, सगळं तपासून घेतलं. एकही दोष निघाला नाही. घरी येताना ताईंनी तिच्यासाठी अबोली साडी घेतली. घरी येऊन अहवाल लॅपटॉपमध्ये चढवला. दिवा तसाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋजुता कामाला गेल्यावर त्या टेबलाशी बसल्या. स्वयंपाकघरात कुकर लावला होता. त्यांनी ऋजुताच्या माहितीतली एकेक ओळ काढून बघायला सुरुवात केली. जन्मवेळ काढली, दिवा चालू. उंची, शिक्षण, नोकरी काढली. दिवा चालू. फोटो काढला. वडील अपघातात गेले ती ओळ काढली. दिवा हलला नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली. आता एकच ओळ उरली होती. आईचं नाव, सुलक्षणा मोघे. ती त्यांनी पुसली.

दिवा विझला.

त्यांनी नाव पुन्हा लिहिलं, दिवा लागला. पुसलं, विझला. पाच शिट्ट्या होऊन गेल्या, वरण लागल्याचा वास यायला लागला, तरी त्या लिहीत आणि पुसत होत्या.

त्या संध्याकाळी रफीकच्या दुकानात गेल्या त्या चिप बिघडलीय असं त्याने म्हणावं म्हणूनच. त्याने तपासून पाहिली.

"चिप उत्तम हाय ताई. तुमचा जुना लॅपटॉप बी उत्तम होता, आता सांगायला हरकत न्हाई. खोलून बघितला तर कीबोर्ड ठणठणीत, एक बटण बिघडलेलं न्हाई. मला वाटलं, ताईंना नवा घ्यायचं निमित्त हवं होतं. एका शिक्षिकेला विकला, वर्षभर कायबी तक्रार न्हाई."

ताईंनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "यातली ती दुरुस्ती बंद कर बघू. चुकलेलं अक्षर आपोआप नीट करते ती."

त्याने बंद केली. ताईंनी नेहमीसारखा घरचा पत्ता टाइप केला. पडद्यावर अक्षरं दोनदोनदा उमटली, शेजारची घुसली, एक ओळही धड वाचता येईना. रफीक पडद्याकडे बघत होता. ताई स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट काही न दाबतासुद्धा हलत होतं, हलकेच, आपल्याच नादात.

ती बोटं त्यांनी पूर्वी पाहिली होती. त्यांचे वडील तासगावला चित्रकलेचे मास्तर होते. पन्नाशीनंतर त्यांचा हात फळ्यावर सरळ रेघ मारेना, चाल झोकांड्या खायला लागली. गाव म्हणालं, मास्तर पितात. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण ते खरं सांगून पटवणार कुणाला? सुलक्षणाच्या लग्नाच्या वेळी पाच स्थळं पत्रिका जुळत नाही म्हणून परत गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मास्तर गेले आणि घरच्यांनी तो विषयच बंद करून टाकला.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी फार काही विचारलं नाही. जीभ बाहेर काढा म्हणाल्या, दहा आकडे मोजेपर्यंत तशीच ठेवा. ताईंची जीभ तीन आकड्यांत आत गेली. पुन्हा काढली, पुन्हा गेली. लहान मुलालाही जमेल एवढी गोष्ट, आणि ती जमत नव्हती. मग वडिलांविषयी विचारलं. तीन आठवड्यांनी रक्ताचा निकाल आला. हंटिंग्टन नावाचा आजार. मेंदूचा, हळूहळू वाढणारा, आईबापांकडून येणारा. औषधांनी हालचाल थोडी आवरता येते, आजार थांबवता येत नाही.

"मुलीला?" ताईंनी विचारलं. त्यांना दुसरं काही विचारायचंच नव्हतं.

"अर्धी शक्यता. आला असेल किंवा नसेल. नेहमीच्या तपासणीत ते दिसत नाही, वेगळी तपासणी आहे. करायची की नाही ते तिनेच ठरवायचं. पण आधी तिला सांगा."

बसमधून परत येताना ताई उजवा हात डाव्या हाताने दाबून बसल्या होत्या. त्यांना विट्याचा तो मुलगा आठवत होता. डॉक्टरला दाखव, एवढं एकच वाक्य. बॅडमिंटनची रॅकेट हातात घेण्याआधी त्याला कुणी एवढं सांगितलं असतं तर? मिरजेच्या त्या मुलीला? मग त्या बाकीच्या एकोणीस जणांना? स्वतःची अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. त्यांनी ठरवलं, आज ऋजुताला सगळं सांगायचं. उद्या बर्व्यांकडे जायचं आणि त्यांनाही सांगायचं, तोंडाने, कारणासकट. मग त्या एकोणीस घरी. निहार समजूतदार वाटत होता. कदाचित तो म्हणेल, अर्धी शक्यता तर अर्धी शक्यता.

घरी पोचल्या तेव्हा चार वाजले होते. ऋजुता सुट्टी घेऊन आली होती, आतल्या खोलीत साडीला फॉल लावत बसली होती. ताईंनी चप्पल काढली तोच फोन वाजला. प्रमिलाताई शेंडे.

"सुलक्षणा, वाईट वाटून घेऊ नकोस हं," त्या म्हणाल्या. "बर्व्यांचं काही होत नाही गं. पत्रिका जुळत नाही."

"सव्वीस गुण जुळले होते, प्रमिलाताई. तुम्हीच मोजले होतेत."

"हो गं बाई, मोजले होते. पण माझा लॅपटॉप तीन दिवस ऐकेचना. ऋजुताची माहिती उघडली की त्याचं ते बटण उजळतंय. आणि तो कधी चुकत नाही, तूच म्हणाली होतीस ना? पाटणच्या एका मुलाच्या नावावरही माझ्याकडे असंच बटण उजळलं होतं, आणि तो गेलाच की. म्हटलं, नसती जोखीम कशाला? मीच कळवलं बर्व्यांना. त्यांनी काही विचारलं नाही, चांगली माणसं आहेत."

सुलक्षणाताईंची नजर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर गेली. दर गुरुवारी दुपारी तासभर त्या प्रमिलाताईंच्या पडद्यावर दिसत होत्या. बोलताना, हात हलवताना.

"आणि तू काळजी करू नकोस," प्रमिलाताई मायेने म्हणाल्या. "मी ऋजुताची माहिती आपल्या अकराच्या अकरा जणींना पाठवलीय. कऱ्हाड, विटा, कोल्हापूर. कुठे ना कुठे जमेलच. ठेवू?"

त्यांनी फोन ठेवला. टेबलावरच्या लॅपटॉपचा दिवा लागलेला होता. आतल्या खोलीतून ऋजुता दारात आली. तिच्या खांद्यावर अबोली पदर होता, हातात सुई होती.

"शेंडेकाकू होत्या ना? काय म्हणाल्या?"

इतक्या वर्षांची सवय. वाक्य ओठांवर तयारच होतं आणि ताईंनी अडवायच्या आत निघून गेलं.

"पत्रिका जुळत नाही म्हणे."

ऋजुताचा चेहरा उतरला. पण ती हलली नाही. दारातच उभी राहून आईकडे बघत राहिली.

"हे तू लोकांना सांगतेस, आई," ती म्हणाली. "मला खरं कारण सांग."

सुलक्षणाताईंनी लॅपटॉप मिटला आणि खुर्ची ओढली. दोन्ही हात टेबलावर लेकीच्या समोर उताणे ठेवले. गेला महिनाभर त्या हे हात पदराखाली, पिशवीखाली, एकमेकांत दाबून धरत आल्या होत्या. आता त्यांनी धरलं नाही.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "आधी माझी बोटं बघ. मग तुझ्या आजोबांचं सांगते."